वरंध उतरून आंबेनळी चढून महाबळेश्वर : एकट्याची सायकलवारी, वीसेक किलोमीटरने हुकलेली

पडलेली चेन

आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कुणी शिव्या घालायला नको. त्या दिवशी महाबळेश्वरला पोचलो नाही. धनकवडीहून भोर, वरंध घाट उतरून कोकणात, मग पोलादपूरहून आंबेनळी चढून परत वर, असा एका दिवसाचा बेत होता. तो कुंभरोशीला, प्रतापगडाच्या पायथ्याशी संपला. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी केलं.

एकटाच का गेलो? आम्ही चौघं जाणार होतो. एकाच्या मुलीची परीक्षा निघाली, एकाचा गुडघा निघाला, तिसरा "बघतो" म्हणाला. पुण्यात "बघतो"चा अर्थ काय ते इथे सांगायला नको.

हा रस्ता ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी जरा भूगोल. सह्याद्री आपल्या बाजूने सभ्य आहे. पुणं आधीच साडेपाचशे मीटरवर, तिथून घाटमाथ्यापर्यंत रस्ता वरखाली करत हळूहळू चढतो. पश्चिमेला मात्र कडा एकदम तुटतो. म्हणजे पुण्याहून वरंधला जाताना चढाचा त्रास बेताचा, उतार मात्र घसघशीत. खरा हिशोब कोकणातून परत वर येताना चुकवायचा. पोलादपूर समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, मध्ये रस्ता ४० किमीच्या आसपास. आणि हा चढ माझ्या वाट्याला येणार होता दुपारनंतर, पाय १४० किमी फिरवून झाल्यावर. कागदावर मला हे स्पष्ट दिसत होतं. कागदावर सगळ्यांनाच सगळं दिसतं.

डिसेंबरचा पहिला शनिवार. सव्वाचारला निघालो. कात्रजचा जुना घाट त्या वेळी कुत्र्यांचा असतो. वरच्या बोगद्याशी पोचलो तोवर अंगातलं जॅकेट काढावं लागलं आणि शिंदेवाडीच्या उतारावर दोनच मिनिटांत परत घालावं लागलं. हायवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कापूरहोळला आत वळल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू आला. सातला भोर. मिसळ, वर दोन चहा. मिसळीला तर्री कमी घातली ही त्या दिवसातली एकमेव शहाणी गोष्ट.

भोरच्या पुढे हिरडस मावळ लागतं आणि रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याला धरून जातो. हा तुकडा कितीही वेळा केला तरी मन भरत नाही. पाण्यावर धुकं होतं, भात कापून झालेला, खाचरांत नुसती खुंटं. रस्ता काही ठिकाणी इतका उखडलेला की पाणी बघायचं की खड्डा, एकच निवडावं लागे. एका वाडीतल्या आजोबांनी विचारलं, "कुठवर?" म्हटलं, महाबळेश्वर. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "वाईवरनं जवळ पडतं की." खरंच पडतं.

सव्वाअकराला वाघजाई. देवळाशेजारच्या टपऱ्यांवर कांदाभजी खाल्ल्याशिवाय वरंध घाट उतरायचा नाही असा अलिखित नियम आहे. तो पाळत असताना सायकल कठड्याला टेकवलेली होती. परत येऊन बघतो तर एक माकड शांतपणे हँडलच्या पिशवीची चेन उघडतंय. फाडत नव्हतं, ओढत नव्हतं. चेनचा लोंबता दोरा दोन बोटांत धरून, आपण उघडू तशीच उघडत होतं. शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि ओआरएसची पाकिटं हुंगून जागच्या जागी ठेवली. चिक्की दुपारच्या चढासाठी ठेवली होती.

उतार. माझ्या सायकलला रिमवरचे साधे ब्रेक आहेत. असे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणाआधी करकचून दाबायचं, वळणात सोडायचं, सरळ रस्त्यावर वारा लागू द्यायचा. तीन ठिकाणी थांबून रिमला बोट लावून पाहिलं, तिसऱ्यांदा बोट झटकन मागे घेतलं. मग दहा मिनिटं बसलो आणि समोरचा कावळ्या किल्ला बघितला. खाली माझेरी, मग शिवथरघळीकडे जाणारा फाटा. वर स्वेटर घालून भजी खाल्ली होती, बिरवाडीला घामाच्या धारा.

महाडजवळ गोवा हायवेला लागलो आणि पाच किलोमीटरच्या आत मागचं चाक बसलं. काटा नव्हता, खिळा नव्हता. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या तारेचे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला पडतात, आणि सायकलवाला बिचारा कडेनेच जातो. ट्यूब बदलली, हवा भरली, परत बसलं. कारण तार टायरमध्येच होती. टायर पूर्ण काढून आतून बोट फिरवलं तेव्हा पाव इंचाच्या त्या केसाएवढ्या तारेने बोटाला रक्त काढलं आणि ती सापडली. बाहेरून दिसत नव्हती, आतूनही फक्त बोटालाच कळत होती. चिमटा नव्हता. नेलकटरने धरून ओढली. या सगळ्यात पाऊण तास गेला, तोही भर उन्हात, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरचा वारा खात.

पोलादपूर सव्वातीन. राइस प्लेट खाल्ली आणि पेपर नॅपकिनवर गणित केलं. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दाते, मागे ३२. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ८ किमी. ४० किमी म्हणजे पाच तास, न थांबता. सूर्य सहाला बुडणार. म्हणजे आंबेनळीचा वरचा अर्धा भाग पूर्ण अंधारात, जंगलातून, हे मला पोलादपूरच्या टेबलावर बसल्या बसल्या माहीत होतं. तरी निघालो. नॅपकिन घडी करून खिशात ठेवला, जणू तो पुराव्यासाठी हवा होता.

पहिले दहा किमी फार सुंदर गेले. हा घाट पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन शेवटपर्यंत अंगावर राहतं. अंगावर येणारा चढ कुठेच नाही, पण तो संपतही नाही. वळण आलं की वाटतं आता सपाटी, आणि पुढे तसाच रस्ता. मैलाचे दगड मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, प्रत्येक मोजला. चौदाव्या किलोमीटरला पाय रिकामे झाले. ज्यांना हे झालंय त्यांना कळेल, दुखत नाहीत, नुसते रिकामे होतात. चिक्की माकडाच्या पोटात. गुळाचा एक खडा निघाला पिशवीत, त्याला ओडोमॉसचा वास लागलेला. खाल्ला.

कुंभरोशीला पोचलो तेव्हा सहा पंचवीस. मी, सायकल आणि डोक्यात दोन माणसं. एक म्हणत होता, दिवा चांगला आहे, रस्ता मोकळा आहे, नऊ-साडेनऊला वर पोचशील. दुसरा काही म्हणतच नव्हता, नुसता खाली बसला होता. ग्रुपमध्ये असतो तर गेलो असतो. कुणीतरी "चल रे" म्हणालं असतं आणि कुणाला नको होतं ते कळलंच नसतं. एका टपरीवरच्या मावशींनी चहा देता देता सायकलचा दिवा बघितला आणि म्हणाल्या, "आता वर गवे उतरत्यात रस्त्यावर. गाडीवाले पण थांबत्यात. तुम्ही काय करणार, घंटी वाजवणार?"

राहिलो. त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी, ओटीवर गोधडी. रात्री ट्रकचा सुद्धा आवाज नव्हता. सकाळी साडेसहाला निघून दहाच्या आत महाबळेश्वर. पाय ताजे होते, रस्ता तोच होता, आणि वरच्या जंगलातून जाताना रस्त्यावर गव्याचं शेण दिसलं. ओलं.

एकूण पहिल्या दिवशी १६५ किमी. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

---

आज्जीचा डबा
मस्त लिहिलंय! माकड वाचून चहा सांडला. पण फोटो कुठेत??

---

घाटकोन
वर्णन छान, नियोजन वाईट. राग मानू नका. हाच फेरा उलटा करायला हवा होता. पहाटे पुण्याहून खंबाटकी, वाई, पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, आणि मग वरंध चढून भोर. मोठी उंची सकाळी ताज्या पायांनी आणि थंडीत होते. पसरणी वाईपासून १०-१२ किमीचाच, एका दमात निघतो.

दुसरं, ५०/३४ ला मागे ३२ हे सामान लादून घाट चढायला कमीच. मागे ११-३४ किंवा त्याहून मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसते का ते बघा. ६० ची लय म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर. ७५ ला पाय रिकामे व्हायला उशीर लागतो.

---

पडलेली चेन
@आज्जीचा डबा, फोटो एकच धड आलाय, तो त्या तारेच्या तुकड्याचा. बाकीच्यांत माझं बोट.

@घाटकोन, गिअरचं मान्य, शंभर टक्के. उलट्या फेऱ्याचं नाही पटलं. मग संध्याकाळी दमलेल्या पायांनी वरंध चढायचा, आणि तिथे कुंभरोशीसारखं गाव नाही घाटाच्या मध्ये. वाघजाईच्या टपऱ्या अंधार पडला की आवरतात. अडकलो तर माकडांबरोबर.

---

नियम म्हणजे नियम
पहाटे सव्वाचारला, एकट्याने, शिंदेवाडीच्या उतारावर, जिथे ट्रक न्यूट्रलमध्ये टाकून सोडतात. रिफ्लेक्टिव्ह जाकीट होतं का? मागे दिवे किती? लेखात एक शब्द नाही. नवीन मुलं हे वाचतात आणि उद्या निघतात. एवढंच म्हणायचं होतं.

---

पडलेली चेन
बरोबर आहे, लिहायला हवं होतं. मागे दोन दिवे, एक लुकलुकणारा सीटखाली, एक स्थिर हेल्मेटला. पुढे ८०० ल्युमेनचा. जाकीट पिवळं, पट्ट्यांचं. घरी लोकेशन चालू ठेवलं होतं, पण वरंध उतरताना आणि आंबेनळीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा ते समाधान घरच्यांचं नाही, आपलंच. ठरलेल्या गावातून ठरलेल्या वेळी फोन करायचा हे जास्त कामाचं. पोलादपूरहून केला होता, कुंभरोशीहून मावशींच्या फोनवरून केला.

---

चारशेवीस किमी
यात विशेष काय ते कळलं नाही. आमच्यातले लोक ४०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलवारी) २७ तासांच्या आत करतात, रात्रभर चालवतात. १६५ ला "पाय रिकामे"?

---

सुताराची वाट
^^ आले. प्रत्येक धाग्यावर एक येतोच.

---

पडलेली चेन
@चारशेवीस किमी, विशेष काहीच नाही, म्हणून तर लिहिता आलं. २०० ची एक मीही केली आहे, साडेतेरा तासांची मुदत, बारा तास चाळीस मिनिटांत. तिथे रस्त्यावर पुढेमागे शंभर दिवे दिसत असतात आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, कुणीतरी केळं हातात देतं. एकट्याने केलेले १६५ त्याहून मोठे असतात असं म्हणत नाही. वेगळे असतात एवढंच.

---

फळ्यावरचा खडू
निवृत्त शिक्षक. वय विचारू नये. १९७४ च्या मे महिन्यात आम्ही तिघे मित्र नारायण पेठेतून महाबळेश्वरला गेलो होतो, चोवीस इंची सायकली, गिअर नाही, कॅरिअरला वळकटी. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, जाणारी येणारी सगळी वाहने घाटातूनच. (पुढे बोगदा झाल्यावर साताऱ्याकडे जाताना घाट आणि पुण्याकडे येताना बोगदा अशी विभागणी झाली.) आम्ही खंबाटकी आणि पसरणी दोन्ही ठिकाणी उतरून सायकली ढकलल्या. त्यात लाज वाटण्यासारखे आहे हे आम्हाला तुमच्या पिढीकडून कळले. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणवत असे आणि सायकल हे व्यायामाचे साधन आहे ही कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. कामावर जायचे, सिनेमाला जायचे, सुट्टीत जमले तर महाबळेश्वर.

चढावर ढकलताना एक फायदा असतो. बोलता येते. पसरणीच्या बारा किलोमीटरमध्ये माझ्या एका मित्राने आपण लग्न कोणाशी करणार ते सांगितले. पायडल मारत असता तर सांगितले नसते, दमच नसता.

तुम्ही कुंभरोशीला थांबलात ते उत्तम केलेत. ढकलत गेला असता तर मात्र मी तुम्हाला दुसरी शाबासकी दिली असती.

---

आज्जीचा डबा
सर, लग्न झालं का त्यांचं तिच्याशी??

---

फळ्यावरचा खडू
नाही. पण मित्र अजून आहे.

---

याकच्या दुधाचा चहा
पडलेली चेन, वाचताना मजा आली. मनाली–लेह २०१८ ला केलं होतं, रोहतांग, बारालाचा, नकी, लाचुंग, टांगलांग अशा पाच खिंडी. लोक विचारतात, तो चढ किती भयंकर असेल. खरं सांगायचं तर चढ आंबेनळीपेक्षा फार अवघड नाही. लष्कराचे ट्रक चढायचे म्हणून रस्ता लांबवलेला असतो. गाटा लूप्सला २१ वळणं एकावर एक, पण प्रत्येक वळण सुसह्य. मारते ती हवा. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. इथे आपले पाय रिकामे होतात, तिथे पाय ताजे असतात आणि छाती नाही म्हणते. पन्नास फेरे मारायचे, हँडलवर डोकं ठेवायचं, परत पन्नास.

पण एक गोष्ट अगदी तीच. सरचूहून निघून पांगला पोचायचं असा दिवस होता, मध्ये दोन खिंडी. नकी ला (तिकडे 'ला' म्हणजे खिंड) ओलांडून खाली उतरलो तेव्हा दुपारचे चार, समोर लाचुंग. तिथल्या तंबूवाल्याने तुमच्या मावशींसारखंच विचारलं, फक्त गव्याऐवजी वारा होता. थांबलो. रात्री तंबू उडतो की काय इतका वारा सुटला.

आणि उंचीच्या पाट्यांवर विश्वास ठेवू नका कुणी. खारदुंग लाची पाटी वर्षानुवर्षं १८,३८० फूट म्हणत होती, मोजल्यावर ती ५,३५९ मीटर, म्हणजे जवळपास आठशे फूट कमी भरली. पाटीसमोर फोटो मात्र माझाही आहे.

---

कंदी पेढा
सातारकरांकडून एक जुनी ओळ: येता जावली जाता गोवली. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांनी शिवाजी महाराजांना लिहिली म्हणतात, अर्थ असा की जावळीत याल, पण जाताना अडकाल. साडेतीनशे वर्षांनी धनकवडीचा सायकलवाला गोवला. आणि तुम्ही सकाळी चढलात तो वरचा भाग म्हणजे जुन्या रडतोंडी घाटाचा शेजार, अफझलखानाचं सैन्य पार गावाला उतरलं ते त्या बाजूने. नाव उगाच नाही पडलेलं.

गव्यांचं मावशी खरंच सांगत होत्या. संध्याकाळनंतर आंबेनळीच्या वरच्या भागात रस्त्याच्या कडेला उभे दिसतात, हलत नाहीत. गाडीच्या उजेडात डोळे चमकतात म्हणून कळतं, सायकलच्या दिव्यात अगदी जवळ गेल्यावर कळेल. मोटरसायकलवाले सुद्धा मागे गाडी यायची वाट बघतात.

---

रानजाई
मी वाचतेय आणि मनात एकच प्रश्न. मी ताम्हिणी एकटीने केलाय, पौड-मुळशी करत निव्यापर्यंत आणि परत. दिवसा. सगळं सुरळीत झालं, पण मला त्रास घाटाचा नाही झाला, थांबण्याचा झाला. टपरीवर पाच मिनिटं बसलं की चौकशा सुरू. एकटीच का, घरचे काय म्हणतात, मिस्टर मागून येतायत का. दोनदा "हो, मागून येतायत" म्हणून सुटका करून घेतली. ग्रुपबरोबर जाताना हे काहीच होत नाही, पण ग्रुपबरोबर नीरा-देवघरच्या पाण्याकडे बघत अर्धा तास बसता पण येत नाही.

तर विचारायचं हे की कुंभरोशीला बाईमाणसाला राहण्यासारखं आहे का? आधी सांगून जाता येतं का?

---

पडलेली चेन
रानजाई, मला जे दिसलं ते सांगतो, बाकी तुमचा तुम्ही अंदाज घ्या. प्रतापगडामुळे तिथे माणसांची ये-जा असते, खानावळी आहेत, राहायची सोय करणारी घरं आहेत. मावशी, त्यांची सून आणि दोन नाती असं घर आहे. मला ओटीवर झोपवलं, बाईमाणूस असती तर आत घेतली असती असं सूनच म्हणाली. चौकशा तिथेही झाल्या, मलाही झाल्या. "बायको सोडते का एकट्याला?" म्हणून.

एक सुचवतो. पुण्याहून एका दिवसात करू नका. आदल्या दिवशी भोरला येऊन राहा, मग पोलादपूरला दुपारी बारा-साडेबाराला पोचता, हातात साडेपाच तास उजेड. आणि वरंधचा रस्ता चालू आहे ना ते निघायच्या आधी भोरला विचारून घ्या. पावसाळ्यात दरडींमुळे तो बंद करतात आणि नंतरही काम निघालं की अडवतात.

---

घाटकोन
भोरचं बरोबर. आणि नेलकटरऐवजी चिमटा. आणि चिक्की अंगावरच्या खिशात, पिशवीत नाही.

---

रानजाई
ठरलं मग. जानेवारीचा तिसरा शनिवार, भोरहून. घर ओळखायचं कसं?

---

पडलेली चेन
प्रतापगडाकडे रस्ता वळतो तिथून जरा अलीकडे, हिरवं दार, बाहेर सिमेंटची टाकी. टाकीवर माझी पाण्याची निळी बाटली राहिली आहे, सकाळच्या घाईत. असली तर घेऊन या. नसली तर नातीकडे असेल, मग राहू द्या.